मागणी क्रमांक चार

जाड थेंबाच्या स्लाइडवर शंभर फील्ड मोजायचे असतात.
बोटानं स्क्रू फिरवत, एकेक,
तांदळातला खडा शोधावा तसे.
मी सदतिसाव्यावर होते
अन् टेबलावर मोबाइल थरथरला.

वाघाडे सर. जिल्हाध्यक्ष.
"मॅडम, ज्येष्ठता यादी झाली का जी टाइप?
सोमवारी सीईओंची वेळ मिळाली आहे.
तुमच्याशिवाय कोण करणार?"

या एका वाक्यावर मी अकरा वर्षं काढली.
संघटनेचं पावतीबुक माझ्या पर्समध्ये,
शिक्का डब्याच्या पिशवीत.
एकदा वांग्याची भाजी सांडली
अन् ठरावाच्या कागदावर
शिक्क्याशेजारी हळदीचा गोल उमटला.
सगळे हसले. मीपण.
दोन केंद्रं माझ्याकडे, सोमवार-बुधवार-शुक्रवार हे,
बाकीचे दिवस नदीपलीकडचं.
दिवसा रक्त, रात्री निवेदन.

"करते सर," म्हटलं
अन् परत डोळा लावला.
सदतीस होते की सत्तेचाळीस?
अंदाजानं पुढे गेले.
शंभर.
रजिस्टरात लिहिलं:
सुरपाम, वय सहा, ताप चार दिवस. निगेटिव्ह.

बोडीच्या पाळीवर गाडी आपोआप हळू झाली.
दोन्हीकडे धान कापून पडलेलं, पेंढ्या बांधायच्या बाकी.
एक बाई विळा कमरेला खोचून
पाण्याच्या काठी नुसती बसली होती,
काहीच करत नव्हती.
मी तिच्याकडे पाहत राहिले, किती वेळ, कोण जाणे.
मग गाडी वळवली.

तुळशीरामनं कुलूप काढलं.
"काही विसरलं का ताई?"
आत मायक्रोस्कोपचा बल्ब तसाच जळत होता,
दीड तास, कुणासाठी नाही.
शिकायला आलेल्या प्रत्येक पोरीला मी सांगते,
पाहून झालं की आधी उजेड कमी कर,
बल्ब गेला तर मागणीपत्राला तीन महिने लागतात.

पहिल्यापासून मोजलं.
बासष्टाव्या फील्डमध्ये ती होती,
नाजूक निळी अंगठी, लाल खड्याची.
थोडं पुढे अजून एक.
रजिस्टरातली ओळ खोडली, सही केली,
यमुनाला फोन लावला, टोल्यावर आत्ताच्या आत्ता गोळ्या घेऊन जा.
फोन ठेवल्यावर हात कापायला लागले.
तुळशीरामनं काही न विचारता पाणी दिलं.

रात्री निवेदन उघडलं.
मागणी क्रमांक चार:
एका तंत्रज्ञाकडे दोन केंद्रांचा कार्यभार देऊ नये,
अतिताणामुळे तपासणीत चूक होण्याची शक्यता असते.
ही ओळ माझीच.
चार वर्षं झाली, दर साली
तारीख तेवढी बदलते.

सरांना म्हटलं, "राजीनामा नाही देत जी.
संघटना माझीपण आहे.
पण यादी प्रफुल कोसनकर करेल.
अन् केंद्रात असताना मी फोन उचलणार नाही,
रविवारीही नाही."
पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज.
"बरं," ते म्हणाले. नाराज झाले असावेत.
झाले तर झाले.

प्रफुल तीन वर्षांपासून विचारत होता,
ताई, मी काही करू का?
अन् मी म्हणायची, राहू दे, तुले नाही समजत.
त्यानं यादीत दोन नावं खालीवर केली.
मी पहिल्या साली पाच केली होती.
हे त्याला सांगितलं तेव्हा
तो इतका खूश झाला की मला लाज वाटली.

सोमवारी भेट झाली म्हणे. आश्वासन मिळालं.
दुसरं केंद्र अजून माझ्याकडेच आहे.

शनिवारी गावात नाटक होतं.
दिवाळीनंतर दर साली होतं, मी दर साली
पुढच्या साली म्हणते.
फोन पिठाच्या डब्यावर ठेवून गेले.
पहिल्या अंकात खलनायकाला चांगल्या शिव्या दिल्या,
दुसऱ्यात झोपले, सतरंजीवर, नवऱ्याची शाल ओढून.
पहाटे लोक उठले तेव्हा जाग आली.
"घोरत होतीस," तो म्हणाला,
"शेजारच्यांनी तुझ्याकडेच पाहिलं जास्त."
शेवट काय झाला ते मी विचारलं नाही.
थंडी होती. चहाच्या ठेल्यावर रांग होती.
आम्ही रांगेत उभे राहिलो.